रथाच्या दिवशीची दुसरी लाइन

"तें माझ्या देवाच्या खोलींत नको, वसू. दुसरें कोठेंही ठेव."

"अक्का, तार तेथूनच आंत आली अहे. तारेला काय म्हणूं, जरा वळसा घालून ये म्हणून?"

"तार आली ती आली. तिला मी कोठें बोलावलें? पण डबा नको. त्याचे दिवे लुकलुक करतात. जप करतांना वाटतें कोणी डोळा मारतोय."

"सरि. डबा हॉलांत लावतें. पण मागाहून तारेला कोणी हात लावला तर मी अर्ध्या कामावरून उठून जाईन, आधींच सांगतें."

"जा की. कोण अडवतंय? काफी पिऊन जा."

जमिनीवर मांडी घालून, चष्मा कपाळावर सारून, ओठांत दोन स्क्रू धरून बोलत होती ती वसुमती. ओठांत स्क्रू असले तरी तिचं बोलणं स्पष्ट येतं. तीस वर्षांची सवय आहे. आणि पितळी टंबलर हातात घेऊन तिच्या डोक्यावर उभी होती ती घरची मालकीण कनकलता. वय एकाहत्तर, आवाज पंचविशीतला. घर तंजावुरात राजवाड्याच्या मागच्या गल्लीत. गल्ली दोन वळणं घेऊन मेल राजवीथीला, म्हणजे पश्चिमेच्या राजरस्त्याला, मिळते.

आमची मराठी ही अशी. तुमच्याकडं 'झालं' म्हणतात, आम्ही अजून 'जालें' म्हणतो; इथं सांगताना तेवढी तुमची धरलीय. मधे मधे तमिळ येतं, 'बरं'ला 'सरि' म्हणतो, ते आता पाहुणं राहिलेलं नाही, घरचंच झालंय. कोणाला हसू आलं तर खुशाल हसावं. आम्हांलाही तुमचं ऐकून येतंच.

वसुमतीला बोलावलं होतं सुनेनं. हरिप्रिया तिचं नाव. अमेरिकेतल्या इस्पितळांचे कागद वाचायचे आणि प्रत्येक रोगाला, प्रत्येक शस्त्रक्रियेला ठरलेला नंबर लावायचा, हे तिचं काम. कंपनी चेन्नईची. चार वर्षं ती हे काम घरात बसून करत होती. आता कंपनीनं नवा हुकूम काढला. रोग्यांची माहिती घरच्या साध्या वायफायवर चालणार नाही. ज्यांना घरून काम करायचंय त्यांनी घरात फायरवॉलचा राउटर बसवावा. फायबर तुटलं तर आपोआप मोबाइलवर जाणारी दुसरी लाइन ठेवावी. कामाच्या मशीनवर कुठल्या साइट उघडतील आणि कुठल्या नाही याचा बंदोबस्त डीएनएसवर करावा. आणि ते मशीन घरच्या टीव्ही-फोनांपासून वेगळं ठेवावं. मग कंपनीचा तपासनीस एक दिवस सकाळी आठ ते बारा पाहत बसणार. त्या चार तासांत सगळी मिळून दहा मिनिटं लाइन गेली तर चालेल, अकरावं मिनिट लागलं की जूनपासून चेन्नईच्या ऑफिसात हजर.

हरिप्रियाचा नवरा चेतन इथल्या कॉलेजात शिकवतो. तो काही चेन्नईला जाणार नव्हता. लग्नाआधी तीन वर्षं हरिप्रियानं चेन्नईच्या हॉस्टेलात काढली होती, आणि ती तीन वर्षं तिला पुन्हा नको होती. नोकरीही सोडायची नव्हती. म्हणजे सगळा मुद्दा हॉलातल्या त्या एका डब्यावर आला होता.

तिनं आधी दोन दुकानांत विचारलं. एकानं सांगितलं, असलं आपल्या गावात होत नाही. दुसऱ्यानं चार शिंगांचा महाग राउटर काढून दाखवला आणि त्याच्यावरचं चित्र वाचून दाखवलं. शेवटी कोणी तरी म्हणालं, टेलिफोनवाल्या बाईला विचार.

ही टेलिफोनवाली बाई म्हणजे वसुमती, पापनाशमकडच्या खेड्यातली. बाप रघोजीराव टेलिफोन खात्यात केबल जोडायचा. खड्ड्यात बसून, मेणबत्तीच्या उजेडात शिशाच्या नळीतल्या शेकडो तारांच्या जोड्या रंगावरून ओळखायचा आणि पिळायचा. तो नोकरीत असतानाच गेला. त्याच्या जागी पोरीला घेतलं. वय बावीस. साहेबांनी तिला फायली लावायला बसवलं. आठ दिवसांनी तिनं जाऊन सांगितलं, मला तारांकडं पाठवा. साहेब म्हणाले, शिडीवर चढावं लागतं. ही म्हणाली, आमच्याकडं नारळाला शिडी लावत नाहीत. खोटं होतं ते. नारळावर ती जन्मात चढली नव्हती. पण साहेब चेन्नईचे, त्यांना काय कळणार?

पुढची तीस वर्षं तिनं एक्स्चेंजमधल्या मोठ्या फ्रेमपाशी काढली. दहा हजार जोड्या, भिंतीएवढी ती फ्रेम. कुणाचा फोन बंद म्हणून तक्रार आली की ही नंबर ऐकूनच चालू लागायची. कागद पाहायची गरज नसे. मग खात्यानं वयस्कांना आधी घरी जायचा पर्याय दिला, तो तिनं घेतला. घरी बसली अकरा दिवस. बाराव्या दिवशी शेजाऱ्याचा राउटर उघडून बसली. इंग्रजी पुस्तिका पेन्सिल घेऊन वाचायची, अडलेला शब्द खाली तमिळ अक्षरांत लिहून ठेवायची. मराठी ती झोपेत बोलते, पण लिहायचं म्हटलं की हात तमिळ लिहितो. वर्षभरात तिनं आठ-दहा घरं लावून दिली. आता अठ्ठावन्नाव्या वर्षी स्कूटरच्या पुढच्या पिशवीत स्पॅनर, मागच्या पेटीत लॅपटॉप, आणि कुंभकोणापर्यंतची माणसं तिला हाक मारतात. कुठलंही नवीन यंत्र तिच्यापुढं ठेवा. पहिल्यांदा ती त्याच्याकडं नुसती पाहत बसते, भाजीवाल्याकडच्या वांग्याकडं पाहावं तसं. मग हात घालते. मी पुष्कळ शिकलेली माणसं पाहिलीत. यंत्राला आधी पाहून घेणारी थोडी.

दुपारपर्यंत डबा हॉलात बसला. एका भोकात फायबरची तार, दुसऱ्यात मोबाइलचं सिम घातलेलं छोटं यंत्र, खाली सगळ्याला बॅटरी. कनकलता खुर्ची ओढून बसली.

"आतां मला सांग. हा डबा करतो काय?"

"दारांत उभा राहतो. बाहेरून कोणी न विचारतां आंत येत असेल तर हाकलतो. आंतून जो बाहेर जातो त्याला विचारतो, कोठें चाललास?"

"म्हणजे मी."

"तुम्हीच. फक्त हा काफी देत नाहीं."

"आणि तें डीएनएस काय? प्रिया सारखी म्हणते."

"तुम्हांला आठवतें कां, पूर्वी एकशें सत्त्याण्णव लावायचात? नांव सांगट्लें की नंबर सांगायचे?"

"एकदां लावला होता. त्या बाईनें चुकीचा नंबर दिला. मायावरमच्या कोणा कापडवाल्याला मी अर्धा तास भाचा समजून बोललें."

"तेंच. मशीनला नांवें कळत नाहींत, नंबर कळतात. म्हणून आधीं विचारतें. आपण अशी बाई बसवायची की वाईट घराचा नंबर कोणी विचारला तर ती म्हणेल, तसलें घर गांवांत नाहीं. आणि मशीननें दुसऱ्याच बाईला विचारूं म्हटलें तर डबा दार लावतो."

हे कनकलताला आवडलं. मग वसुमतीनं वेगळ्या नेटवर्कचं सांगितलं. प्रियाचं कामाचं मशीन एकीकडं. टीव्ही, सगळ्यांचे फोन, येणारे-जाणारे दुसरीकडं. दोन्ही एकाच डब्यातून जातील, पण एकाला दुसरं दिसणार नाही, शिवणार नाही.

कनकलता ताठ बसली. "अगो, ही तर मडी!"

मडी म्हणजे तुमचं सोवळं. या घरात ते अजून कडक आहे. कनकलताचं मडीचं लुगडं नऊवारी, धुतल्यावर काठीनं उंच दांडीवर वाळत घालायचं, न्हाऊन काठीनंच काढायचं, मधे कोणी शिवलं की पुन्हा पाण्यात. "म्हणजे प्रियाचें मशीन मडींत. टीव्ही बाहेरचा. सरि, कळलें. इतकें सोपें होतें तर तूं सकाळपासून इंग्रजींत कां बोलत होतीस?"

त्या दिवसापासून तिनं पहारा सुरू केला. चेतननं एकदा बायकोच्या लॅपटॉपवर क्रिकेटचा स्कोर पाहायला हात पुढं केला, तर आईनं मागून हाक मारली, "मडी! मडी!" तो कॉलेजात जाऊनही हसत होता. एकच भांडण झालं. वसुमतीनं पहिल्या दिवशी सगळ्या घरालाच अडवायच्या साइटींची कडक यादी लावली होती, आणि त्या यादीनं कनकलताचं रोजचं पंचांग अडवलं, भविष्य सांगणाऱ्या साइटी म्हणून. संध्याकाळी फोन आला. "वसू, आज एकादशी की द्वादशी तें तुझा डबा सांगूं देत नाहीं. मी जेवूं की नको?" दुसऱ्या दिवशी वसुमतीनं याद्या दोन केल्या. कामाच्या मशीनला कडक, घराला सैल.

मग तिनं दुसऱ्या लाइनची परीक्षा घेतली. फायबरची तार उपटली. डब्यानं वीस सेकंदांत मोबाइल धरला, दिवा हिरवा झाला. पण हरिप्रियाच्या मशीनवर एक पान उघडेना.

"मावशी, दिवा हिरवा अहे, पण कांहींच येत नाहीं."

वसुमती डब्याकडं पाहत राहिली. मग स्वतःच्याच कपाळावर मारलं. "नंबर सांगणारी बाई अजून फायबरवाल्याची अहे. ती त्यांच्याच लाइनीवरून आलेल्याला उत्तर देते. आपण दुसऱ्याच्या दारांतून विचारतों, ती कशाला बोलेल?" तिनं दोन्ही लाइनींवर उत्तर देईल अशा ठिकाणी डीएनएस बदललं, पुन्हा तार उपटली, पाच वेळा उपटली, पाचही वेळा पान उघडलं. फायबर जिवंत की मेलं हे डबा कुठं पाहतो, तेही बदललं. आधी तो गावातल्याच यंत्राला हाक मारून 'ओ' आली की खूश व्हायचा, गावापुढं लाइन तुटलेली असली तरी; आता लांब मुंबईला हाक मारून पाहतो. अशा गोष्टी पुस्तिकेत एका ओळीत असतात. ती ओळ वाचणारं माणूस लागतं.

एप्रिलात तारीख आली. हरिप्रियानं ती पाहिली आणि तशीच वसुमतीला फोन लावला.

"मावशी, बुधवार दिलाय. रथाचा दिवस."

मोठ्या देवळाचा रथ चैत्रात चारी राजवीथींतून फिरतो. रथ उंच, म्हणून वाटेवर आडव्या आलेल्या सगळ्या तारा तो यायच्या आधी उतरवून ठेवतात आणि रथ पुढं जाईपर्यंत वीज बंद. म्हणजे फायबर नाही, वीज नाही. आणि रस्त्यावर लाखभर माणूस हातातला फोन वर करून रथाचा फोटो पाठवतोय, म्हणजे जवळच्या टॉवरवर मुंगीला जागा नाही.

"तारीख बदलून माग."

"मागितली. चाळीस जणांच्या तारखा लागल्यात म्हणे. ज्याला बदल हवा त्याला थेट चेन्नई."

वसुमतीनं तारीख वहीत लिहिली. मग म्हणाली, "बरें जालें. साध्या दिवशीं लाइन चालवायला मी कशाला हवी?"

हे ती उगाच बोलली नाही. दुसऱ्या सकाळी ती लॅपटॉप घेऊन गच्चीवर चढली आणि दोन तास एखाद्या सर्वेवाल्यासारखी फिरली. राजवीथीचा टॉवर जवळ, सगळे फोन आपोआप त्यालाच धरत होते. पण नव्या कालव्यापलीकडं, शेतांच्या कडेला आणखी एक टॉवर होता. तिकडं रथ जात नाही, गर्दी जात नाही. जुन्या टीव्हीची असायची तशी दांड्यांची अँटेना तिनं आणली, पाण्याच्या टाकीशेजारी लोखंडी खांब उभा केला आणि अँटेनाचं तोंड कालव्याकडं केलं. टॉवरचा नंबर यंत्रात दिसतो. कालव्याचा तीनशे सतरा, राजवीथीचा बेचाळीस. तीनशे सतरा दिसल्यावर तिनं नट आवळला, खांबाला लाल फडकं बांधलं आणि घरातल्या सगळ्यांना गच्चीवर बोलावून सांगितलं, "ह्या खांबाला कोणी हात लावायचा नाहीं. कोणीच नाहीं."

बुधवारी ती साडेसहालाच आली. स्कूटर लांब ठेवून गल्लीबोळांतून चालत. घर पाहुण्यांनी भरलेलं. रथ पाहायला पापनाशमहून, कुंभकोणाहून सगळी आली होती. आठाला हरिप्रियानं कॉल लावला. तपासनिसाचं नाव प्रणवेश. आवाज कोवळा, बोलणं इंग्रजी, मधे तमिळ. त्यानं एकेक तपासायला सुरुवात केली. जुगाराची साइट उघडा. उघडली नाही. दुसऱ्याच कोणाचं डीएनएस हातानं घालून पाहा. घातलं, तरी उघडली नाही. टीव्हीवरून कामाचं मशीन शोधा. सापडलं नाही. दर वेळी तो "ओके" म्हणायचा, जरा नाखुशीनंच.

आठ वाजून चाळीस मिनिटांनी बाहेर कोणी ओरडलं, "तारा उतरवल्या!" पंखे आधीच बंद पडले होते. डब्यावरचा फायबरचा दिवा गेला. वीस-बावीस सेकंदांनी प्रणवेशचा आवाज पुन्हा आला.

"मॅडम, काही तरी बदललं का?"

"लाइन बदलली," वसुमती म्हणाली. "तुमच्या वहीत लिहा. बावीस सेकंद."

दीड तास असाच गेला. लांबून ढोल ऐकू यायला लागले. हरिप्रिया काम करत होती, प्रणवेश पाहत होता, आणि वसुमती आपल्या लॅपटॉपवरच्या आकड्याकडं डोळे लावून बसली होती.

दहा वाजून वीस मिनिटांनी प्रणवेशचं बोलणं तुटायला लागलं. मग थांबलं.

"मावशी, कॉल कट जाला!"

वसुमतीनं आकडा पाहिला. सिग्नल उणे चौऱ्याण्णव होता तो उणे एकशे चौदा, म्हणजे पार खचलेला. आणि टॉवर तीनशे सतरा नव्हता. बेचाळीस.

"अँटेना फिरली," ती म्हणाली आणि उठली. गुडघे दुखतात तिचे, पण त्या दिवशी जिन्यात तिनं त्यांचं ऐकून घेतलं नाही. "प्रिया, तूं आकडा पाहत बस. मी वरून विचारीन, तूं ओरडून सांग. आणि घड्याळ पाह."

गच्चीवर पोरंच पोरं, सगळी राजवीथीकडच्या कठड्याला लटकलेली. टाकीजवळ कोणी नव्हतं. फक्त खांबाच्या टोकाला, अँटेनाच्या सगळ्या दांड्यांवरून, ओलंचिंब नऊवारी लुगडं लोंबत होतं. वाऱ्यानं त्याचं शीड झालं होतं आणि अँटेना मान मोडल्यासारखी राजवीथीकडं वळली होती. खाली हातात काठी घेऊन कनकलता राखण करत उभी.

"अक्का! हें काय?"

"हळू बोल. माझें मडीचें लुगडें अहे, वाळत घातलेंय."

"ह्याच्यावर?"

"मग कोठें? खालीं पंखा नाहीं. घरभर पाहुणे, गच्चीभर पोरें, येतां-जातां शिवतात. रथ कोपऱ्यावर आला की हें नेसून आरती घेऊन जायचें अहे मला."

"मी सांगट्लें होतें ना, खांबाला हात लावूं नका म्हणून!"

"म्हणूनच तर! ज्याला कोणी हात लावत नाहीं अशी ह्या घरांत ही एकच जागा. आणि मीं तरी कोठें हात लावला? काठीनें घातलें."

तीस वर्षांत वसुमतीला शेकडो बिघाड भेटले होते. उंदरानं कुरतडलेली केबल, पावसानं भरलेला खड्डा, एकदा तर तारेवर साप. पण चूक करणारी बाई इतकी बरोबर असलेली तिनं पाहिली नव्हती. तिनं लुगड्याला हात घातला.

"खबरदार!" कनकलतानं काठी आडवी केली. "तूं बाजारांतून आलीस. शिवलीस तर मला पुन्हा न्हावें लागेल आणि रथ निघून जाईल."

"तुमचा रथ जाईल. प्रियाची नोकरी जाईल त्याचें काय?"

जिन्यातून हरिप्रियाचा आवाज आला. "मावशी, चार मिनिटें जालीं!"

मग कनकलतानं काठी सरळ केली आणि वसुमतीच्या हातात दिली. "काठीनें काढ. काठीला मडी नाहीं."

झाडात अडकलेली टेलिफोनची तार बांबूनं कशी सोडवायची हे वसुमतीला तिच्या बापानं शिकवलं होतं. ओढायची नाही. खालून उचलायची, वळवायची, मग सोडायची. तिनं काठीचं टोक घडीच्या मधे घातलं, ओलं नऊवारी एका दांडीवरून उचललं, दुसरीवरून उचललं, पदर कठड्याला लागू न देता उंचच उंच धरून टाकीच्या पलीकडं रिकाम्या दोरीवर टाकलं. एक थेंब तिच्या अंगावर पडला नाही. कनकलतानं मान डोलावली, आणि ही बाई सहज मान डोलावत नाही.

"तेथें कोणी शिवेल," ती एवढंच म्हणाली.

"कोणी शिवणार नाहीं. तुम्ही उभ्या राहा तेथें."

वसुमतीनं नट सैल केला आणि अँटेना धरली. "प्रिया! आकडा!"

"उणे एकशें चौदा!"

तिनं हळूच कालव्याकडं वळवली.

"एकशें दहा! एकशें तीन! पुन्हा एकशें सहा!"

"जास्त वळली." केसभर मागं.

"अठ्ठ्याण्णव! मावशी, त्र्याण्णव! टॉवर तीनशें सतरा!"

"धरलें. हलूं नको म्हणावें." हे कुणाला म्हणाली कुणास ठाऊक. नट आवळला, स्पॅनरला लोंबकळून आणखी एकदा आवळला. कठड्यावरची पोरं रथ सोडून तिच्याकडं पाहत होती.

खाली आली तेव्हा प्रणवेशचा आवाज हॉलात होता. "आठ मिनिटं दहा सेकंद. सकाळचे बावीस धरून आठ बत्तीस. मॅडम, कारण लिहायला लागेल. काय झालं होतं?"

हरिप्रियानं वसुमतीकडं पाहिलं.

"अँटेनावर ओलं कापड," वसुमती इंग्रजीत म्हणाली.

"कापड? किती मोठं?"

"नऊ वार."

तिकडं टाइप केल्याचा आवाज. "बाहेरून अडथळा, दूर केला. असं लिहितो."

बाराला त्यानं दोन्ही याद्या, दोन्ही लाइनी, मिनिटांचा हिशेब वाचून दाखवला आणि म्हणाला, चाळीसांतलं हे एकोणिसावं घर. वीज आणि फायबर दोन्ही नसताना काम चालू राहिलेलं हे पहिलं. मंजुरी संध्याकाळी मेलवर येईल. लावलं कोणी, कुठली कंपनी?

"कंपनी नाही," हरिप्रिया म्हणाली. "आमच्या वसुमती मावशी." आणि मग, कॉल बंद झाल्यावर, ती इतक्या जोरात हसली की चेतन काय झालं म्हणून धावत आला.

कनकलता मडीत, आरतीचं ताट घेऊन कोपऱ्यावरून परतली होती. लुगडं पुरतं वाळलं नव्हतं, पण कोणी शिवलं नव्हतं. तिनं सगळं ऐकून घेतलं. "म्हणजे माझें लुगडें चेन्नईच्या कागदावर चढलें?"

"चढलें. बाहेरचा अडथळा म्हणून."

"अडथळा! त्या पोराच्या आईला विचार म्हणावें, मडी काय असते." मग ताट खाली ठेवत, "वसू, तूं नुसतें हात लावूं नका म्हणट्लेंस. कां तें सांगट्लें असतेंस तर मी घातलें नसतें."

"खरें अहे," वसुमती म्हणाली. "चूक माझी. खांब काय करतो तें मीं प्रियाला सांगट्लें, तुम्हांला नाहीं." तिनं पिशवीतून वही काढली आणि तमिळ अक्षरांत दोन ओळी लिहिल्या. पुढच्या घरापासून नियमासोबत कारणही सांगायचं, घरातल्या सगळ्यांना, आणि सगळ्यांत वयस्क माणसाला आधी. मग गच्चीवर जाऊन खांबाला दुसरा क्लँप मारून आली.

"जेवून जा. सुरळी पोळी केली अहे."

"होईना अक्का. पापनाशमला भाताच्या गिरणींत सकाळपासून लाइन नाहीं, तीन फोन आले."

"तेथें काय रथ गेला?"

"गेल्यावर कळेल."

गल्लीत अजून फुलं आणि तांदूळ सांडलेले होते, रथ पुढच्या वीथीत गेला होता. वसुमती बोळांतून स्कूटरपर्यंत गेली, पिशवी पुढं अडकवली, फोन कानाला लावला.

"हां, निघालें. नाहीं, बंद करून चालू करूं नका. कांहींच करूं नका. डब्यासमोर उभे राहा आणि मला सांगा, कोठला दिवा लाल अहे? … वरून दुसरा? आणि तो डबा तुम्हीं कशाशेजारीं ठेवलाय?"